आमच्यात एकवीस

सत्यनारायणाच्या पूजेला यजमान उघड्या अंगाने बसतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या उघड्या अंगात पोटही येतं, हे मात्र सोसायटीचं पत्र हातात पडलं तेव्हा लक्षात आलं.

आमच्या भिवंडीच्या सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की पूजा असते. तीन विंगा, बहात्तर घरं. यजमान व्हायचं तर कमिटीकडे दोन प्रतींत अर्ज करावा लागतो आणि मग नंबर लागतो. माझा नंबर नऊ वर्षांनी लागला. मधे एकदा लागता लागता राहिला, कारण मी अर्जात ‘सपत्नीक’ हा शब्द लिहायला विसरलो होतो आणि सेक्रेटरी दिनेशने अर्ज त्रुटीपूर्तीसाठी परत पाठवला. मी स्वतः शाळेत हेडक्लार्क आहे. लोकांचे अर्ज परत पाठवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे दिनेशचा राग येण्याऐवजी मला त्याच्याविषयी आदरच वाटला. असो.

एक जानेवारीला दिनेश मंजुरीचं पत्र घेऊन घरी आला.

“अभिनंदन, हरीकाका. सोवळं काढून ठेवा. यंदा फोटोग्राफर ड्रोन आणणार आहे. वरून शूटिंग.”

तो गेल्यावर मी सहज मान खाली घालून पाहिलं. वरून जे काही दिसत होतं त्यात माझे पाय नव्हते.

मुलगी सई मानकोलीला एका गोडाऊनच्या ऑफिसात काम करते आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ असतो. तिने मला एक माणूस दाखवला. त्याचं पोट पाटासारखं सपाट होतं आणि तो हसत हसत कच्चा दोडका खात होता. याला रॉ व्हीगन म्हणतात. काहीही शिजवायचं नाही, आणि दूध, दही, तूप, मध यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. एकवीस दिवस पाळलं की शरीर आतून धुऊन निघतं म्हणे. मी कॅलेंडर पाहिलं. मंगळवारी सहा तारखेला सुरू केलं तर एकविसावा दिवस बरोबर सव्वीसला येत होता. म्हणजे सोडणार कशाने, तर प्रसादाच्या शिऱ्याने. इतका जमून आलेला योग मोडणं माझ्या स्वभावात नाही.

बायकोचं नाव विद्युल्लता. तिने माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे गॅस लावायचाच नाही?”

“नाही.”

“एकवीस दिवस?”

“एकवीस.”

“आणि ते कच्चं करणार कोण?”

“मी,” मी म्हणालो. बोलण्याच्या भरात माणूस काय काय बोलून जातो. “तुझंही मीच करीन.”

ती उठली आणि आत गेली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद झाल्याचा खटका मला बाहेर ऐकू आला. मग तिने शेगडी घासली, पुसली आणि तिच्यावर एक स्वच्छ टॉवेल पांघरला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती गॅलरीत खुर्ची टाकून, स्टुलावर पाय पसरून पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसली होती. त्या वेळेला बसलेली मी तिला लग्नापासून कधी पाहिली नव्हती.

“काकडी सोलायची असते का गं?” मी आतून विचारलं.

“तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “चार अक्षरी शब्द, विश्रांती.”

कच्चं खाणं सोपं असतं अशी तुमची समजूत असेल तर ती आधी काढून टाका. शिजवलेल्या स्वयंपाकाला दीड तास लागतो. कच्च्याला आदल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. मटकी भिजवा, उपसा, बांधा. दुधी किसा, पिळा, त्याच्या शेवया झाल्या असं स्वतःला पटवा. पहिल्याच दिवशी खारकांची पूड करताना मिक्सरमधून धूर आला. तो घेऊन मी निजामपुऱ्यात गेलो. दुरुस्तीवाल्या चाचांनी भांड्यात बोट घालून वास घेतला आणि मला म्हणाले, “साहब, ये खाना पीसने की मशीन है. इसमें लकड़ी नहीं डालते.” माझ्या पाककलेवरचा तो पहिला अभिप्राय.

दूधवाल्याला मी स्वतः खाली जाऊन सांगितलं, की उद्यापासून दूध बंद.

“क्यों साब? घर में सब खैरियत?”

“खैरियत है. बस, अब हमारे यहाँ कुछ पकेगा नहीं.”

त्याने हात छातीवर ठेवला. “अल्लाह सब्र दे, साब.”

मला कौतुक वाटलं. या प्रकारात संयम लागतो हे एका दूधवाल्याला चटकन कळलं, आणि आमच्या शाळेतले पदवीधर शिक्षक माझा डबा बघून खोकल्याचं सोंग करत होते.

खरा घोटाळा अळूने केला. आमच्या गेटवर गुणाबाई भाजी घेऊन बसते. पडघ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून पहाटेच्या टेम्पोने येते. मी तिला म्हटलं, “आज हिरवी पानं आहेत तेवढी सगळी दे.” तिने दिली. पालक, चवळी, मुळ्याचा पाला आणि खाली अळूची एक जुडी. पान ते पान, या उदार दृष्टीने गुरुवारी सकाळी मी ते सगळं मिक्सरला लावलं आणि मोठा पेला एका दमात प्यायलो. पाच मिनिटांत घशात कुणीतरी काथ्याची दोरी ओढतंय असं वाटायला लागलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आवाज बसला. मी तसाच जिना उतरून गुणाबाईकडे गेलो.

“आळू कच्चा प्यालास?” ती कपाळावर हात मारून म्हणाली. “आरं देवा! मना वाटला फदफदा करशील. तुज्या घरात गॅस न्हाय का?”

“हाय. पण लावायचा न्हाय,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. माणूस कळवळला की समोरच्याच्या भाषेत बोलतो.

“मंग तुला डागदर नको, आयशीची काठी पायजे,” असं म्हणून तिने मला चिंचेचा गोळा चोखायला दिला.

घरी आलो. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच दिवशी सकाळी मी मिशी काढली होती. दोन दिवसांच्या हिरव्या रसाने ती शेवाळासारखी दिसायला लागली होती, आणि शाळेतला शिपाई माझ्याशी बोलताना नाकाखाली बघत होता. तर अशा अवस्थेत, मिशी नाही, डोळे सुजलेले, घसा बसलेला, मी सोफ्यावर पडलो होतो आणि बेल वाजली. विद्युल्लता आंघोळीला गेली होती. दारात शेजारची सुवर्णा, हातात वाटी.

“काका, विरजण आहे का थोडं?”

“दही नाही. दूधच बंद केलंय,” मी कसाबसा म्हणालो.

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. स्वयंपाकघरात शेगडीवर टॉवेल पांघरलेला. मग तिने माझ्या वरच्या ओठाकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

“अगंबाई. कधी झालं?”

“मंगळवारी सकाळी.”

“अचानक?”

“नाही. बरेच दिवस चाललं होतं. मंगळवारी झालं एकदाचं.”

“सुटले म्हणायचं.”

“सुटले कसले? विद्युल्लता मात्र सुटली.”

“काकूंनी खूप केलं असणार हो.”

“एकोणतीस वर्षं,” मी म्हणालो. “रोज दोन वेळा.”

सुवर्णाने पदर डोळ्यांना लावला. गृहिणीलाच गृहिणीचं दुःख कळतं, असं माझ्या मनात आलं.

“किती दिवस पाळणार तुम्ही?”

“एकवीस.”

“आमच्यात तेरा असतात.”

“आमच्यात एकवीस,” मी जरा ताठ होत म्हणालो. “ज्याला जेवढं झेपेल तेवढं. तुम्हीही घरात एकदा करून बघा. घरातल्या मोठ्या माणसापासून सुरुवात करायची.”

तिच्या घरातलं मोठं माणूस म्हणजे तिचे सासरे. ती वाटी तिथेच विसरून गेली.

यानंतरच्या दिवसांत काही गोष्टी घडल्या, ज्यांचा अर्थ मी माझ्या परीने लावला. लिफ्टमध्ये शिरलो की गप्पा थांबायच्या. सी विंगमधल्या एका गृहस्थांनी, ज्यांच्याशी पार्किंगवरून माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं, माझा हात हातात घेऊन नुसताच दाबला. मला वाटलं, माझ्या निग्रहाची कीर्ती पसरली. घरी विद्युल्लता तर साधनेत माझ्याही पुढे गेली होती. मी शाळेत जाताना तिच्यासाठी किसलेला दुधी झाकून जायचो, संध्याकाळी भांडं लख्ख रिकामं असायचं. एका शब्दाने कुरकुर नाही. उलट चेहऱ्यावर तुकतुकी. रविवारी आम्ही दोघांनी वजन केलं. माझं दोन किलो उतरलं होतं आणि तिचं सव्वा किलो वाढलं होतं. “खनिजं असतील,” ती म्हणाली. मलाही पटलं. एकदा घरात लसणाच्या फोडणीचा वास आला तेव्हा तो डक्टमधून येतो असं तिने सांगितलं. सई तेव्हा तोंडावर उशी धरून का हसत होती, ते मला कळलं नाही.

मग आली दुसऱ्या रविवारची गच्ची. व्हिडिओत एक पदार्थ होता. भिजवलेले जव वाटायचे, त्यात काळे तीळ आणि केळं घालायचं, लिंबाएवढे गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे. मी केळीच्या पानावर गोळे मांडून गच्चीत गेलो. अंगावर फक्त पंचा, कारण त्या माणसाने ऊन अंगावर घ्यायला सांगितलं होतं. कावळे टाकीवर बसले होते. आधी मी त्यांना हाकलायला उभा राहिलो. पण ते येईचनात. अर्धा तास झाला, एकही खाली उतरला नाही, तेव्हा मात्र मला ते लागलं. भिवंडीचा कावळा काय वाटेल ते खातो, आणि माझ्या हातचं खात नाही? मी एक गोळा फोडून पुढे धरला आणि “का का” केलं.

तेवढ्यात टाकीचा व्हॉल्व्ह बघायला दिनेश वर आला. समोरचं दृश्य पाहून त्याने चपला काढल्या.

“शिवत नाहीये?” त्याने हळूच विचारलं.

“अर्धा तास झाला. एकजण शिवेल तर शपथ.”

“काहीतरी राहिलं असेल, काका.”

“मीठ राहिलंय. मुद्दाम घातलं नाही.”

तो माझी टर उडवतोय असं मला वाटलं. दिनेश मात्र गंभीर होता. पानासमोर उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटला, “जे राहिलं असेल ते सोसायटी बघून घेईल. कमिटी शब्द देते.” झालं. एक कावळा झेपावला आणि कोपऱ्यातला गोळा उचलून गेला. दिनेशने समाधानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सव्वीसचं टेन्शन घेऊ नका हं. ते आम्ही सगळं बघून घेतलंय.” सेक्रेटरी असावा तर असा, असं मला वाटलं. फक्त कावळ्याने माझ्याऐवजी त्याचं ऐकलं, ही गोष्ट बरेच दिवस सलत राहिली.

सव्वीसला सकाळी मी आरशासमोर उभा राहिलो. साडेपाच किलो कमी. पीतांबर कमरेवर टिकेना म्हणून आतून नाडी बांधली. उपरणं असं टाकलं की सपाटपणा झाकला जाणार नाही. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाट खाली मांडला होता. विद्युल्लता मात्र साध्याच साडीत, पलंगाच्या कडेला बसून.

“अहो, आज नको जाऊ या खाली.”

“अगं, ड्रोन आलाय!”

“मला जरा बोलायचंय तुमच्याशी.”

“पूजेनंतर बोल. तू तयार हो आणि ये,” म्हणून मी जिन्याने उतरलो. लिफ्टमध्ये मला कोण बघणार होतं?

मांडवात पाटावर दिनेश बसला होता. सोवळ्यात, त्याच्या पूर्ण पोटासकट. शेजारी त्याची बायको मनिषा, नाकात नथ. गुरुजी पळीने पाणी सोडायला सांगत होते. मला पाहून मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. वर ड्रोन घोंगावत होता.

“हरीकाका,” दिनेश अर्धवट उठत म्हणाला, “तुम्ही मांडवात? सुतकात?”

“कुणाचं सुतक?”

दिनेशने खूण केली तशी सुवर्णाने कमिटीचं रजिस्टर आणून माझ्यासमोर धरलं. ठराव क्रमांक चार. ‘नियोजित यजमानांच्या घरी घडलेल्या दुःखद घटनेमुळे, तसेच त्यांच्यात एकवीस दिवसांचे अशौच पाळण्याची रीत असल्याचे त्यांनी स्वतः सांगितल्यामुळे, पर्यायी यजमान म्हणून...’ भाषा चोख होती. मला एकही त्रुटी काढता आली नाही.

“कोण गेलं ते आम्ही मुद्दाम विचारलं नाही, काका,” सुवर्णा म्हणाली. “रोज डबा द्यायला जायचो तर काकूंच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.”

“कसला डबा?”

“चूल न पेटलेल्या घरात शेजारचं जेवण जातंच ना? पहिल्या दिवशी माझं पिठलं-भात. मग वार लावून घेतले. बी विंगची आमटी, मनिषाची मटकीची उसळ. संक्रांतीला गोड कसं द्यायचं म्हणून साध्या दोनच गुळपोळ्या दिल्या.”

मटकीची उसळ. गुळपोळ्या. माझ्या डोळ्यांसमोरून खनिजं एकेक करून निघून गेली.

गुरुजींना पुढच्या पूजेला कल्याण गाठायचं होतं. “अहो, एवढंच सांगा,” ते म्हणाले, “घरात कुणी गेलंय की नाही? संकल्प व्हायचाय अजून. कुणी गेलं नसेल तर या, बसा पाटावर. मला कुणीही चालेल.”

दिनेश खरोखरच बाजूला सरकला. एक ‘नाही’ म्हणायचा अवकाश होता. तो माझ्या ओठांवर आलाही होता, आणि तेवढ्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर विद्युल्लता दिसली. धावत आली असावी, धाप लागली होती. ती मला खुणावत नव्हती, काही मागत नव्हती. तिने फक्त मान खाली घातली होती. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर दुपारपर्यंत बहात्तर घरांत झालं असतं, की उसळीसाठी हिने घरातलं माणूस मारलं. आणि मग आयुष्यभर त्या लिफ्टने तिला एकटीला वरखाली करावं लागलं असतं.

“गेले,” मी म्हणालो. “माझे चुलते. पडघ्याचे. चांगदेवकाका.”

मला चुलते नाहीत. कधीच नव्हते.

“वय काय होतं?” मनिषाने विचारलं.

“अठ्ठ्याण्णव.”

“सोनं झालं मग. काय झालं होतं?”

“पोटात काही टिकत नव्हतं. शेवटी शेवटी नुसतं कच्चं खायचे,” मी म्हणालो, आणि मला रडू आलं. अगदी खरं रडू. पाट समोर होता, पोट सपाट होतं, शिऱ्याचा तुपाळ वास येत होता. चांगदेवकाकांसाठी कुणी एवढं रडलं नसतं.

“पुढच्या वर्षी तुम्हीच बसा, काका,” दिनेश गहिवरून म्हणाला. मग त्याच्यातला सेक्रेटरी जागा झाला. “म्हणजे, नव्याने अर्ज करा.”

घरी आल्यावर विद्युल्लता गॅलरीत जाऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पहिल्याच दिवशी सांगणार होते, आमच्याकडे कुणी गेलं नाही म्हणून. दार उघडलं तर सुवर्णाने डबा हातात दिला. गरम होता हो. या घरात आल्यापासून माझ्या हातात कुणी गरम डबा दिला नव्हता. म्हटलं, आज जेवते, उद्या सांगते.” थोडं थांबून म्हणाली, “मग रोजच गरम यायचा.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली, आणि सपाटून भूकही लागली होती.

“बस तिथेच,” मी म्हणालो.

पीतांबर खोचून मी आत गेलो. रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवतात ते मला माहीत नव्हतं, तिने ते बाहेरून सांगितलं. मोहरी किती, हिंग कधी, पाणी किती, सगळं बाहेरूनच सांगितलं. आत मात्र आली नाही. फोडणी उडून उघड्या पोटावर चार ठिकाणी चटके बसले. खाली लाऊडस्पीकरवर कथेचा चौथा अध्याय चालला होता तेव्हा मी ताटात पिठलं वाढलं, बाजूला कांदा फोडून ठेवला आणि ताट तिच्यासमोर स्टुलावर नेऊन ठेवलं. मग डाव हातात धरून बाजूला उभा राहिलो.

तिने एक घास घेतला. सावकाश चावला.

“कसं झालंय?”

“कच्चं राहिलंय,” ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. “वाढा अजून थोडं.”